रिसेटनंतरचे काही मिलिसेकंद: पंपाच्या पेटीतल्या पिनांची मांडणी

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीच्या बांधावर टांगलेली पत्र्याची स्टार्टर पेटी उघडली, की आता बऱ्याच ठिकाणी कॉन्टॅक्टरशेजारी (मोटारीची वीज जोडणारा मोठा स्विच) एक छोटं कार्ड दिसतं. मोबाइलवरून मोटार चालू-बंद, फेज गेला की बंद, टाकी भरली की बंद. जळगाव-धुळ्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही पुष्कळदा हाच असतो. अशा कार्डात कोड बहुतेक वेळा ठीकच असतो. घोळ असतो पिनांच्या सेटिंगमध्ये, आणि तो टेबलावर दिसत नाही. तो दिसतो रात्री दोन वाजता लाईट आली की.

कार्डावरच्या मायक्रोकंट्रोलर चिपची, म्हणजे कोड चालवणाऱ्या छोट्या संगणकाची, पिन कधीच रिकामी बसलेली नसते. वीज आल्यापासून तुमच्या कोडची पहिली ओळ चालेपर्यंतही ती कोणत्या ना कोणत्या स्थितीत असते. ती स्थिती तुम्ही ठरवली नसेल तर चिपचा कारखाना, शेजारची वायर किंवा पेटीत शिरलेली पाल ठरवते. म्हणून आधी कागद घ्या, एडिटर नंतर उघडा. प्रत्येक पिनसाठी एक ओळ लिहायची: काम काय, रिसेटच्या (चिप नव्याने सुरू होण्याच्या) वेळी स्थिती काय, बाहेर रेझिस्टर कोणता, बिघाड झाला तर कोणती पातळी सुरक्षित, आणि वायर पेटीबाहेर जाते का. शेवटचा रकाना लोक सोडतात आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

उदाहरणासाठी एसटीएम३२एफ१०३सी८टी६ घेऊ, म्हणजे बाजारात ‘ब्लू पिल’ नावाने मिळणाऱ्या बोर्डावरची चिप. ७२ मेगाहर्ट्झ, ६४ किलोबाइट फ्लॅश, २० किलोबाइट रॅम. पंपाच्या कामाला पुरून उरते. पीए, पीबी, पीसी ही पिनांच्या गटांची (पोर्टांची) नावं, पुढचा आकडा पिनचा. आपली जोडणी अशी: पीबी१२ वर चालू करणारा रिले, पीबी१३ वर बंद करणारा. पीबी८, पीबी९ आणि पीबी१४ वर तीन फेजची खूण. पीबी१५ वर टाकीचा फ्लोट स्विच. पीए४ वर दाबाचा सेन्सर. पीए२-पीए३ वर जीएसएम मॉड्यूल. पीबी६-पीबी७ वर डिस्प्लेची आय-टू-सी, म्हणजे दोन तारांची डेटा-जोडणी. पीसी१३ वर दिवा. पीए१३ आणि पीए१४ प्रोग्रामिंगसाठी राखीव, त्यांना हात लावायचा नाही.

चार बिटांचा खेळ

या चिपमध्ये प्रत्येक पिनला चार बिट असतात: खालचे दोन मोडचे, वरचे दोन कॉन्फिगरेशनचे. पिन ० ते ७ सीआरएल रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे चिपमधली सेटिंग लिहायची जागा), ८ ते १५ सीआरएच मध्ये. चार बिट म्हणजे हेक्सचा एक आकडा, त्यामुळे आठ पिनांचं सेटिंग आठ आकड्यांत मावतं आणि सवय झाली की वाचताही येतं. कामाचे आकडे मोजकेच आहेत. ० म्हणजे अॅनालॉग. ४ म्हणजे तरंगता इनपुट, आतून कुठेच न बांधलेला. ८ म्हणजे आतला पुल-अप किंवा पुल-डाउन (पिनला ३.३ व्होल्टकडे किंवा ग्राउंडकडे धरणारा रेझिस्टर) लावलेला इनपुट. २ म्हणजे साधा पुश-पुल आउटपुट (वर ३.३ व्होल्टला ढकलणारा आणि खाली ग्राउंडला ओढणारा), २ मेगाहर्ट्झ वेगाचा. ६ म्हणजे तोच, पण ओपन-ड्रेन. ए म्हणजे यूएआरटीसारख्या (मॉड्यूलशी बोलणारा सिरीयल पोर्ट) अंतर्गत यंत्रणेच्या ताब्यातला पुश-पुल, आणि ई म्हणजे तिच्याच ताब्यातला ओपन-ड्रेन.

रिसेटनंतर दोन्ही रजिस्टरांत सगळीकडे ४ असतो. इथेच पहिला सापळा आहे. जुना आकडा न पुसता नुसता ‘ऑर’ करून २ लिहिला, की ४ आणि २ मिळून ६ होतो. पिन आउटपुट झाली, पण ओपन-ड्रेन! ती खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. आता गंमत बघा. पीसी१३ वरचा दिवा खाली ओढल्यावर पेटतो, म्हणून तो व्यवस्थित लुकलुकतो. रिले मात्र वर ढकलल्यावर ओढतो, म्हणून तो ढिम्म. माणूस दिवसभर ट्रान्झिस्टर आणि सोल्डरिंग तपासत बसतो. चार बिट आधी शून्य करा, मग लिहा. मधल्या क्षणाला पिन अॅनालॉग होते, त्याने काही बिघडत नाही.

आपल्या जोडणीत पोर्ट बीच्या वरच्या आठ पिनांसाठी सीआरएच मध्ये पीबी१५ पासून पीबी८ पर्यंत लिहायचं तर ४४२२००४४. मधले दोन शून्य म्हणजे न वापरलेल्या पीबी११ आणि पीबी१०. खालच्या आठांसाठी सीआरएल मध्ये ईई०००४००: पीबी७-पीबी६ आय-टू-सी, पीबी२ ही बूट-१ ची पिन असल्यामुळे आहे तशीच, बाकी अॅनालॉग. पूर्ण आकडा एकदम लिहिला तर ‘ऑर’चा सापळाही टळतो.

८ या आकड्यात आणखी एक खोच आहे. पुल-अप की पुल-डाउन हे ठरतं आउटपुटची पातळी ठेवणाऱ्या ओडीआर रजिस्टरमधल्या त्याच पिनच्या बिटावरून: १ असेल तर वर, ० असेल तर खाली. म्हणजे आउटपुट बदलायला कोणी संपूर्ण ओडीआर वर एक आकडा लिहिला, तर इनपुट पिनांचे पुल-अप निमूटपणे पुल-डाउन होतात. स्विच न दाबता दाबल्यासारखा वाचला जातो. ओडीआर ला थेट हात लावूच नये. बीएसआरआर वापरावं. त्याचे खालचे १६ बिट पिन वर करतात, वरचे १६ खाली, आणि ज्या बिटावर ० लिहिला ती पिन तशीच राहते. इंटरप्टमध्ये (मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) एक पिन आणि मुख्य लूपमध्ये दुसरी बदलत असाल, तर वाचा-बदला-लिहा या तीन पायऱ्यांच्या मधोमध इंटरप्ट घुसून एखादा बदल पुसला जातो. बीएसआरआर मध्ये तो प्रश्नच येत नाही.

क्लॉकबद्दल फार बोलायला नको, पण विसरलं जातं: क्लॉक वाटणाऱ्या आरसीसीच्या एपीबी२ईएनआर रजिस्टरमध्ये पोर्ट एसाठी बिट २, बीसाठी ३, सीसाठी ४, आणि एएफआयओसाठी (पिनांची पर्यायी कामं ठरवणारा भाग) ०. क्लॉक न देता लिहिलेलं सगळं वाया जातं. एररही येत नाही.

आधी पातळी, मग दिशा

आउटपुट करायच्या पिनसाठी क्रम ठरलेला हवा. क्लॉक द्या, बीएसआरआर ने सुरक्षित पातळी ठेवा, आणि मगच सीआरएल किंवा सीआरएच मध्ये दिशा बदला. उलट केलं तर पिन आउटपुट होताक्षणी ओडीआर मधला ० बाहेर पडतो. बाजारातलं निळ्या रिलेचं तयार बोर्ड बहुतेक वेळा ‘खाली ओढलं की चालू’ या प्रकारचं असतं. तिथे हा ० म्हणजे थेट ‘मोटार चालू कर’. काही मायक्रोसेकंदांनी रिले हलत नाही, त्याला ओढायला जवळपास १० मिलिसेकंद लागतात. पण दिशा वर लिहिली, मध्ये जीएसएमसाठी दोन सेकंदांचा डिले टाकला आणि पातळी खाली लिहिली, असा कोड सर्रास दिसतो. दोन सेकंदांत कॉन्टॅक्टर बसतो आणि स्वतःच्या होल्डिंगवर टिकून राहतो.

पिनांची मांडणी मेन फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत करा, ७२ मेगाहर्ट्झचं क्लॉक लावायच्याही आधी. पिनांना पीएलएलची (क्लॉकचा वेग वाढवणाऱ्या भागाची) गरज नसते, ८ मेगाहर्ट्झच्या आतल्या ऑसिलेटरवर सगळं होतं. बाहेरचा क्रिस्टल कधी सुरूच झाला नाही आणि कोड तिथेच अडकला, तरी निदान रिले शांत राहतात.

तरीही वीज येणं आणि ही पहिली ओळ यांच्यामध्ये काही मिलिसेकंद उरतातच. बूटलोडर असेल तर सेकंद. हा काळ सॉफ्टवेअरच्या हातात नाही, तो रेझिस्टरचा आहे. म्हणून पंपासाठी निळ्या बोर्डापेक्षा यूएलएन२००३ (रिले ओढणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा आयसी) बरा. ‘वर ढकललं की चालू’ ही त्याची रीत, आणि इनपुटला आतच २.७ किलोओहमचा रेझिस्टर व बेसला खाली धरणारे रेझिस्टर आहेत, त्यामुळे पिन तरंगत असताना तो बंद राहतो. शिवाय प्रत्येक रिले-पिनला बाहेरून १० किलोओहमचा पुल-डाउन लावा. मग लांब ट्रॅकवर विजेचा गोंगाट (नॉइज) पकडला जात नाही. १२ व्होल्टचा साखरेच्या खड्याएवढा रिले, कॉइल ४०० ओहमची, म्हणजे करंट ३० मिलिअँपिअर. यूएलएनला तो काहीच नाही. चिपच्या पिनमधून जेमतेम ०.७ मिलिअँपिअर जातो. यूएलएनची नववी पिन मात्र १२ व्होल्टला जोडलीच पाहिजे. कॉइलचा उलटा झटका गिळणारे आतले फ्लायबॅक डायोड तिथे येतात. ती मोकळी सोडली की रिले सुटताना झटका बसतो आणि चिप रिसेट होते.

रिलेच्या पुढच्या वायरिंगचा पिनच्या सुरक्षित पातळीशी थेट संबंध आहे. चालू करणाऱ्या रिलेचा एनओ (एरवी उघडा) संपर्क हिरव्या बटणाला समांतर, बंद करणाऱ्याचा एनसी (एरवी मिटलेला) संपर्क लाल बटणाच्या रांगेत. मग दोन्ही पिना खाली असणं म्हणजे ‘मी काहीच करत नाही’. कार्ड जळालं तरी शेतकरी हाताने बटण दाबून मोटार चालवू शकतो. मे महिन्यात केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर कार्डाचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून ही सोय महत्त्वाची. ओव्हरलोड रिले स्टार्टरमध्ये असतोच, तो काढू नका.

बऱ्याच थ्री-फेज स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते. छोट्या रिलेचे संपर्क २५० व्होल्ट एसीपर्यंतचेच. ते थेट त्या कॉइलच्या रांगेत टाकायचे नाहीत. मध्ये योग्य रेटिंगचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्टर हवा. आणि स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी) कॉइलवर लावा, संपर्कावर नको. ०.१ मायक्रोफॅरड कंडेन्सरमधून ४१५ व्होल्टला ५० हर्ट्झवर जवळपास १३ मिलिअँपिअर वाहतात. संपर्क उघडा असतानाही एवढा करंट मिळत राहिला तर छोटी कॉइल सुटायचं नाव घेत नाही.

आउटपुटचा वेग २ मेगाहर्ट्झच ठेवा. ५० मेगाहर्ट्झ हा आकडा बघायला बरा वाटतो, पण तो पिन किती वेळा बदलते याचा नाही, कडा किती तीव्र निघते याचा आहे. रिलेला तीव्र कडा काय करायची? तिचा त्रास मात्र शेजारच्या अॅनालॉग पिनला आणि जीएसएमच्या अँटेनाला होतो. ११५२०० बॉडच्या यूएआरटीलाही २ मेगाहर्ट्झ पुरतो.

पेटीबाहेर जाणाऱ्या वायरी

आतला पुल-अप साधारण ४० किलोओहमचा असतो. त्यातून फ्लोट स्विचला मिळणारा करंट ३.३ भागिले ४० किलोओहम, म्हणजे जेमतेम ८० मायक्रोअँपिअर. टाकी विहिरीपासून दोनशे मीटरवर, वायर मोटारीच्या केबलसोबत एकाच चरातून गेलेली. एवढ्या अशक्त पुल-अपवर ५० हर्ट्झ सहज स्वार होतो, आणि स्विचच्या संपर्कावर चढलेला गंजही इतक्या कमी करंटने फुटत नाही. पेटीतल्या पेटीत असलेल्या बटणाला आतला पुल-अप चालतो. बांध ओलांडणाऱ्या वायरीला नाही.

तिथे १२ व्होल्ट पाठवा आणि परतीच्या वाटेवर पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल एलईडीच्या प्रकाशातून पुढे देणारा भाग) घ्या, २.२ किलोओहमच्या रेझिस्टरसह. स्विच मिटला की (१२ − १.२) भागिले २.२, म्हणजे सुमारे ५ मिलिअँपिअर वाहतात. चिपच्या बाजूला कलेक्टर पीबी१५ ला, १० किलोओहम ३.३ व्होल्टला, १०० नॅनोफॅरड ग्राउंडला. बाहेर रेझिस्टर असल्यामुळे पिनचं सेटिंग ४, म्हणजे तरंगता. फ्लोट मात्र असा निवडा की टाकी रिकामी असताना तो मिटलेला असेल. मग वायर बैलाच्या पायाखाली तुटली किंवा उंदराने कुरतडली, तरी पिन वर जाते, कार्डाला ‘टाकी भरली’ असं वाटतं आणि मोटार थांबते. उलट निवडला तर तुटलेली वायर म्हणजे ‘पाणी हवंय’, आणि रात्रभर टाकी वाहत राहते.

फेज ओळखायला शेतात न्यूट्रल असतोच असं नाही, म्हणून दोन-दोन फेजमध्ये जोडा. १०० किलोओहमचे तीन रेझिस्टर रांगेत, अर्ध्या वॅटचे. प्रत्येकात जेमतेम ०.१९ वॅट जातात, पण पाव वॅटचा नको; त्याची व्होल्टेज सहन करण्याची मर्यादा कमी असते. ४१५ व्होल्टचं शिखर ५८७, त्यामुळे करंटचं शिखर सुमारे २ मिलिअँपिअर. ऑप्टोच्या एलईडीला उलट दिशेने ६ व्होल्टच चालतात, म्हणून त्याच्यावर उलटा १एन४१४८ लावायलाच हवा. पिनवर ५० हर्ट्झचे ठोके येतात. दर मिलिसेकंदाला वाचा. ६० मिलिसेकंद ठोका नाही म्हणजे ती जोडी गेली. इथे पिनवर कंडेन्सर लावू नका, ठोकेच गुळगुळीत होऊन जातील.

एक गोष्ट पिनांच्या पलीकडची, पण सांगितली पाहिजे. मोटार चालू असताना एक फेज गेला तर फिरती मोटार त्या गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. ऑप्टोला सगळं ठीक दिसत राहतं. चालू मोटारीचं सिंगल-फेजिंग पकडायचं तर करंट मोजावा लागतो. फेजच्या या तीन पिना मोटार सुरू करण्याआधीच्या तपासणीसाठी आहेत.

आणि लाईट आल्या-आल्या लगेच सुरू करू नका. फीडरवरचे सगळे ऑटोस्विच (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारे) एकदम ओढले की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काय बेततं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. महावितरण ते काढायला सांगतं ते याचमुळे. प्रत्येक कार्डाने अर्धा ते दोन मिनिटांमध्ये वेगवेगळी वाट बघावी, आणि त्या वेळात रिलेच्या पिना खाली असाव्यात.

दाबाचा सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचा घ्या. १५० ओहमच्या रेझिस्टरवर तो ०.६ ते ३.० व्होल्ट देतो. ०.६ च्या बराच खाली वाचलं तर वायर तुटली हे आपोआप कळतं. पीए४ चं सेटिंग ०, अॅनालॉगच. ४ ठेवलं तरी एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) आकडा देतो, पण आतला डिजिटल श्मिट ट्रिगर मधल्या व्होल्टेजवर उगाच करंट खातो आणि नॉइज घुसवतो. पीए० ते पीए७ या पिना ५ व्होल्ट सहन करणाऱ्या नाहीत, हे डेटाशीटमध्ये ‘एफटी’ खूण नसल्यावरून कळतं. सेन्सरच्या वायरी आपसांत चिकटल्या तर २४ व्होल्ट थेट १५० ओहमवर येतात. १६० मिलिअँपिअर, जवळपास ४ वॅट. म्हणून लूपमध्ये ५० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज, पिनच्या आधी १ किलोओहम आणि ३.३ व ग्राउंडला जोडलेला बीएटी५४एस डायोड. पिनमध्ये जबरदस्तीने घुसणारा करंट ५ मिलिअँपिअरच्या वर जाता कामा नये.

जीएसएम, डिस्प्ले आणि हरवलेला प्रोग्रामर

सिम८००एल ची लॉजिक पातळी २.८ व्होल्ट. त्याच्याकडून येणारा सिग्नल पीए३ ला सहज समजतो. आपल्याकडून जाणारा ३.३ चा मात्र १ आणि ५.६ किलोओहमच्या विभाजकाने २.८ वर आणा. पीए२ चं सेटिंग ए, पीए३ चं ४. नव्या ४जी मॉड्यूलांत पुष्कळदा १.८ व्होल्ट लॉजिक असतं. पीए३ ला ३.३ व्होल्ट पुरवठ्यावर ‘वर’ समजायला सुमारे १.८३ व्होल्ट लागतात. म्हणजे थेट जोडलं तर टेबलावर चालेल आणि शेतात कधी चालेल, कधी नाही. लेव्हल शिफ्टर घाला, वाद नको.

मॉड्यूल अडकलं की त्याची वीज तोडून पुन्हा देणं हा नेहमीचा उपाय. तो कधीकधी लागू पडत नाही, कारण यूएआरटी रिकामी असताना टीएक्स पिन वर असते. पीए२ मधून करंट मॉड्यूलच्या आतल्या संरक्षक डायोडवाटे शिरतो आणि ते अर्धवट जिवंत राहतं. वीज तोडण्याआधी पीए२ आणि पीए३ दोन्हींचं सेटिंग ० करा, वीज परत आल्यावर पुन्हा ए आणि ४.

आय-टू-सी साठी ई, म्हणजे ओपन-ड्रेन. ए लिहिलं तर डिस्प्ले उत्तर द्यायला लाइन खाली ओढतो तेव्हा चिप ती वर ढकलत असते. एलसीडीच्या पाठीवरच्या पीसीएफ८५७४ बोर्डावर पुल-अप ५ व्होल्टला असतात. पीबी६-पीबी७ एफटी आहेत म्हणून ते चालतं. पीए४ वर हाच प्रयोग करू नका. व्यवहाराच्या मध्येच चिप रिसेट झाली तर पीसीएफ८५७४ डेटा लाइन खाली धरून बसतो. त्यासाठी सुरुवातीला पीबी६ ला ६ देऊन जास्तीत जास्त नऊ ठोके द्या, डेटा लाइन सुटली की दोन्हींना ई.

पीए१५, पीबी३, पीबी४ या पिना रिसेटनंतर जेटॅगच्या (प्रोग्रामिंग आणि तपासणीच्या जोडणीच्या) ताब्यात असतात. पीबी३ ला आउटपुट करूनही काही होत नाही याचं कारण हेच. एएफआयओच्या एमएपीआर मध्ये बिट २६ ते २४ ला ०१० लिहा. जेटॅग सुटतो, दोन तारांचं एसडब्ल्यूडी राहतं. पीए१५ आणि पीबी४ वर तर रिसेटमध्ये आतला पुल-अप लागलेला असतो. तिथे मॉसफेटचं गेट जोडलं आणि पुल-डाउन विसरलात, तर कोड सुरू व्हायच्या आधीच मॉसफेट चालू. १० किलोओहमचा पुल-डाउन असेल तर गेटवर ०.६६ व्होल्ट राहतात, काळजी नाही. पण मुळात रिले या पिनांवर ठेवायचेच कशाला?

क्यूबएमएक्समध्ये (या चिपांसाठी सुरुवातीचा कोड तयार करणारं सॉफ्टवेअर) डीबगचा पर्याय ‘सीरियल वायर’ असा मुद्दाम निवडा. एफ१ मालिकेसाठी जुन्या आवृत्त्यांत तो तसाच सोडला तर तयार होणारा कोड एसडब्ल्यूडीही बंद करतो. पहिल्यांदा प्रोग्राम होतं, दुसऱ्यांदा प्रोग्रामरला चिप सापडत नाही. चिप मेलेली नसते. बूट-० ला ३.३ व्होल्ट देऊन रिसेट करा, आतला बूटलोडर चालू होतो, तुमचा कोड चालत नाही, आणि एसडब्ल्यूडी पुन्हा बोलतं. एफ४ वर हीच चूक वेगळ्या वाटेने होते: तिथे पोर्ट ए च्या मोडर रजिस्टरची रिसेट किंमत ए८०००००० असते, आणि कोणी त्यावर सरळ नवा आकडा लिहिला की पीए१३-पीए१४ गेल्या.

पीसी१३, पीसी१४, पीसी१५ या दुबळ्या पिना. ३ मिलिअँपिअर, तेही फक्त आत ओढायचे, बाहेर द्यायचे नाहीत. दिवा ठीक, रिलेचा ट्रान्झिस्टर नाही.

न वापरलेल्या पिनांचं सेटिंग ० करून टाका. तरंगता डिजिटल इनपुट मधल्या व्होल्टेजवर रेंगाळतो आणि आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धे उघडे राहतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच ४५ अंशांच्या वर जातं. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त. ही चिप ८५ अंशांपर्यंतची आहे, शेवटचा ६ तेच सांगतो. उष्णतेबरोबर गळती वाढते, म्हणून वीज वाचवायला १ मेगओहमचे पुल-अप लावायचा मोह टाळा. पिनची गळती १ मायक्रोअँपिअरपर्यंत जाऊ शकते, आणि तेवढ्यानेच १ मेगओहमवर १ व्होल्ट सरकतो. १० किलोओहमवर तीच गळती १० मिलिव्होल्ट. पावसाळ्यात धूळ आणि दमट हवा मिळून बोर्डावर हेच करतात, त्यामुळे वार्निश मारायला विसरू नका.

सगळं मनासारखं जमलं की रिलेच्या पिनांचं सेटिंग कुलूपबंद करता येतं. पोर्ट बीच्या एलसीकेआर मध्ये पीबी१२-पीबी१३ साठी ओळीने १३०००, ३०००, १३००० लिहा (हेक्स), मग ते रजिस्टर दोनदा वाचा. पुढच्या रिसेटपर्यंत सीआरएच मधले ते आठ बिट बदलत नाहीत. पिन वर-खाली करता येते, दिशा बदलता येत नाही. भरकटलेल्या पॉइंटरपासून एवढं संरक्षण फुकट मिळतंय.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: जीपीआयओ १२ सुरू होताना वर असेल तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देते आणि बूटच होत नाही, म्हणून तिथे पुल-अप नको. ०, २, ५, १५ यांचाही बूटशी संबंध आहे, रिले तिथे नको. ६ ते ११ फ्लॅशकडे जातात. ३४ ते ३९ फक्त इनपुट, आणि त्यांना आतला पुल-अप नाहीच. वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिना भरवशाच्या नाहीत.

कार्ड पेटीत बसवण्याआधी एक तपासणी पंधरा मिनिटांत होते. यूएलएन सॉकेटमधून काढा, जीएसएम मॉड्यूलही उपसून ठेवा. रिसेट पिन ग्राउंडला धरा. १० किलोओहमचा एक रेझिस्टर घ्या, एक टोक पिनवर, दुसरं आधी ग्राउंडला आणि मग ३.३ ला, आणि मल्टिमीटर लावून बघा. पिन दोन्ही वेळा टोकाला गेली तर ती खरंच तरंगती. ग्राउंडला धरल्यावर १.६५ दिसलं तर तुमचा १० किलोओहमचा पुल-अप जागेवर आहे. ०.६६ च्या आसपास म्हणजे चिपचा आतला पुल-अप, आणि तो रिसेटमध्ये कुठून आला हे शोधा. बहुधा जेटॅगची पिन सापडेल. हे आकडे कागदावरच्या ‘रिसेटला स्थिती’ या रकान्याशी जुळले पाहिजेत.

नंतर यूएलएन आणि मॉड्यूल परत बसवून कार्ड दोन दिवस उन्हात, चालत्या स्टार्टरशेजारी ठेवा आणि प्रत्येक सुरुवातीला आरसीसीचं सीएसआर रजिस्टर वाचून नोंद करा. बिट २९ म्हणजे वॉचडॉग (कोड अडकला की रिसेट करणारा टायमर), २७ म्हणजे वीज गेली-आली, २६ म्हणजे रिसेट पिन. वाचून झालं की बिट २४ लिहून सगळे पुसा. २६ हा कोणत्याही रिसेटला लागतो, म्हणून आधी बाकीचे बघायचे. एकटा २६ लागलेला सापडला आणि बटण कोणी दाबलेलं नसेल, तर कॉन्टॅक्टरचा झटका रिसेटच्या ट्रॅकवर आलाय: चिपच्या अगदी पायाशी १०० नॅनोफॅरड लावा आणि तो ट्रॅक रिलेच्या खालून नेला असेल तर बोर्ड पुन्हा आखा.